साकार्याची लढाई, इस्तिकलाल पदक आणि आपल्या घरातल्या पावत्या

दरवर्षी १३ सप्टेंबरला तुर्कस्तानात, म्हणजे आताच्या तुर्कियेत, अंकाराजवळच्या पोलातली या गावी साकार्याच्या विजयाचा दिवस साजरा होतो. १९२१ साली २३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर अशी २२ दिवस आणि २२ रात्री ही लढाई चालली. तुर्क लोक तिला 'साकार्या मेयदान मुहारेबेसी' म्हणतात. उर्दू जाणणाऱ्याला यातला 'मैदान' आणि 'मुहारबा' लगेच कळतो. तुर्कांच्या स्वातंत्र्ययुद्धाचं पारडं फिरलं ते याच लढाईत. शेवटचा विजय पुढच्या वर्षी मिळाला. पण साकार्या हरले असते तर ती वेळ आलीच नसती, हे तिथले आणि बाहेरचे बहुतेक इतिहासकार मान्य करतात.

आमच्या वर्गात खिलाफत चळवळीचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, तुर्कस्तानात तेव्हा नेमकं चाललं होतं काय? पाठ्यपुस्तकात हे काही ओळींत आटोपतं. मुंबई, कोकण, मराठवाडा, खानदेश इथल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या लढाईच्या बातम्यांसाठी वर्तमानपत्राची वाट पाहिली, जिच्यासाठी वर्गणी दिली, ती लढाई आज आपल्याच घरात कुणाला सांगता येत नाही. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. तिथल्या घरांनी तिची आठवण कशी जपली आणि आपल्या घरांचा तिच्याशी काय संबंध, हेही त्यात आलं आहे.

लढाईपर्यंत कसं आलं

पहिल्या महायुद्धात उस्मानी सल्तनत हरली. १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौज इझमिर बंदरात उतरली. १६ मार्च १९२० रोजी इस्तंबूलवर दोस्तराष्ट्रांनी उघड ताबा घेतला. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्रच्या तहाने देशाचे तुकडे पाडायचं कागदावर ठरलं. इस्तंबूलचा सुलतान, जो खलिफाही होता, त्याचं सरकार दबावाखाली होतं. अनातोलियाच्या आतल्या भागात अंकाराला मात्र २३ एप्रिल १९२० पासून वेगळी मजलिस बसली होती आणि तिचे अध्यक्ष होते मुस्तफा कमाल पाशा.

एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. एप्रिल १९२० मध्ये इस्तंबूलच्या शेखुल इस्लामने या अंकारावाल्यांविरुद्धच फतवा काढला, त्यांना बंडखोर ठरवलं. त्यावर अंकाराचे मुफ्ती रिफत एफेंदी यांनी उलटा फतवा दिला आणि अनातोलियातल्या बऱ्याच मुफ्तींनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे खलिफाच्या नावाने निघालेला कागद एकीकडे आणि देश वाचवायला निघालेले उलमा दुसरीकडे. हिंदुस्थानातले लोक मात्र दोघांसाठी एकच दुआ करत होते.

१९२१ च्या जुलैत कुताह्या-एस्कीशेहिरच्या लढाईत तुर्क फौज मार खाऊन मागे हटली, ती थेट साकार्या नदीच्या पूर्वेला. तिथून अंकारा फार लांब नव्हतं. मजलिसीत गोंधळ उडाला. कारभार कायसेरीला हलवावा का, यावर चर्चा झाली. काही कुटुंबं तिकडे रवानाही झाली. ५ ऑगस्टला मजलिसीने मुस्तफा कमाल यांना तीन महिन्यांसाठी सरसेनापतीचे पूर्ण अधिकार दिले.

घरटी एक जोडी मोजे

त्यानंतर दोनच दिवसांत, ७ आणि ८ ऑगस्टला, दहा हुकूम निघाले. त्यांना 'तेकालिफ-इ-मिल्लिये' म्हणतात. उर्दूत 'तकालीफ' म्हणजे त्रास. इथे मात्र अर्थ आहे राष्ट्रासाठी सोपवलेल्या जबाबदाऱ्या. लोकांना त्या वेळी दोन्ही अर्थ सारखेच लागू पडले असतील.

हे हुकूम वाचताना शाळेतल्या वस्तूंच्या यादीची आठवण होते, इतके ते बारीकसारीक आहेत. प्रत्येक घराने एक जोडी मोजे, एक जोडी पायताण आणि आतल्या कपड्यांचा एक संच द्यायचा. व्यापाऱ्यांकडे जे कापड, चामडं, खिळे, नाल, दोरखंड असेल त्यातला ४० टक्के माल सरकारजमा, पैसे नंतर मिळतील. गहू, पीठ, साबण, मेणबत्त्या यांतलेही ४० टक्के. ज्याच्याकडे गाडी-जनावर आहे त्याने महिन्यातून एकदा १०० किलोमीटरपर्यंत फौजेचा माल फुकट वाहायचा. शिवाय एकूण गाड्या आणि जनावरांपैकी २० टक्के कायमची द्यायची. लढाईला उपयोगी पडेल असं हत्यार घरात असेल तर तीन दिवसांत जमा करायचं.

एका दशकात बाल्कन युद्ध, महायुद्ध आणि आता हे, असं तिसरं युद्ध त्या शेतकरी घरांवर आलं होतं. कर्ता मुलगा येमेनला किंवा चनाक्कालेला गेलेला, परत न आलेला. अशा घरातून मोजे मागायचे म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या बायकांना जास्त चांगलं समजेल. लढाईच्या पुस्तकांत सेनापतींची नावं असतात. पण साकार्या लढली गेली ती या मोजे-पायताणांवर, असं आमचं मत आहे.

इनेबोलूचे नावाडी

हत्यारं आणि दारूगोळा मुख्यतः काळ्या समुद्रातून यायचा. इनेबोलू हे तिथलं एक छोटं गाव. मोठं जहाज लागेल असा धक्का नाही, समुद्र खवळलेला. जहाजं बाहेर थांबायची आणि गावचे नावाडी आपल्या होड्यांतून पेट्या किनाऱ्याला आणायचे. तिथून कास्तामोनूमार्गे अंकारापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरची घाटवाट होती. ती बैलगाड्यांनी पार करायची, आणि पुरुष आघाडीवर असल्याने गाड्या हाकायला बहुतेक बायका. कडाक्याच्या थंडीत आपली चादर पोरावर न घालता तोफगोळ्यांवर घालणाऱ्या शेरिफे बाजीची गोष्ट तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. कास्तामोनूत तिचं स्मारक आहे.

युद्धानंतर मजलिसीने इनेबोलूच्या नावाड्यांच्या संघाला स्वातंत्र्ययुद्धाचं पदक दिलं. हा मान एका माणसाला नाही, सगळ्या नावाड्यांना मिळाला. रत्नागिरी-रायगडच्या बंदरांवर ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि खलाशी म्हणून ओळखली जातात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बावीस दिवस

आघाडी सुमारे १०० किलोमीटर पसरलेली होती. ग्रीक फौज संख्येने, तोफांनी आणि मोटारगाड्यांनी वरचढ होती. पण ती आपल्या रेल्वेपासून लांब आलेली, पाणी कमी, ऊन कडक आणि रस्त्यात ओसाड माळ. तुर्क सेनेचं मुख्य ठाणं आलागोझ या खेड्यातल्या एका जमीनदाराच्या घरात होतं. ते घर आता संग्रहालय आहे. मुस्तफा कमाल काही दिवसांपूर्वीच घोड्यावरून पडले होते आणि त्यांच्या बरगड्यांना मार लागला होता. त्या अवस्थेत ते तिथे नकाशासमोर बसून होते. फेव्झी पाशा मुख्य सेनाधिकारी, इस्मत पाशा पश्चिम आघाडीचे सेनापती.

पहिल्याच दिवशी मंगलदाग डोंगर गेला. २ सप्टेंबरला चालदाग गेला. तोफांचा आवाज अंकारात ऐकू यायचा. नेहमीच्या पद्धतीने एक रेषा तुटली की सगळी फौज मागे घ्यायची असते. इथे वेगळा हुकूम होता. रेषेचा विचार सोडा, सगळा मुलूखच लढायची जागा आहे, जी तुकडी ढकलली जाईल तिने जिथे पाय टेकतील तिथे पुन्हा उभं राहायचं आणि शेजारची तुकडी हटली म्हणून आपण हटायचं नाही. याची किंमत मोठी होती. ५,७१३ तुर्क सैनिक शहीद झाले, १८ हजारांहून जास्त जखमी झाले. त्यात अधिकाऱ्यांचं प्रमाण इतकं होतं की तुर्क लोक या लढाईला 'अधिकाऱ्यांची लढाई' म्हणतात. पलटणीच्या पुढे स्वतः चालणारे तरुण लेफ्टनंट आणि कॅप्टन पडत गेले. ग्रीकांचेही सुमारे ४ हजार मेले आणि जखमींचा आकडा जवळपास तुर्कांइतकाच होता.

१० सप्टेंबरला तुर्कांनी उलटा हल्ला केला आणि पोलातलीजवळची दुआतेपे ही टेकडी परत घेतली. 'तेपे' म्हणजे टेकडी, 'दुआ' म्हणजे दुआच. १३ तारखेला नदीच्या पूर्वेला ग्रीक सैन्य उरलं नव्हतं. १९ सप्टेंबरला मजलिसीने मुस्तफा कमाल यांना मार्शलचा दर्जा आणि 'गाझी' ही पदवी दिली. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने अंकाराशी करार करून आपला हात काढून घेतला. पुढे २६ ते ३० ऑगस्ट १९२२ ची मोठी चढाई, ९ सप्टेंबरला इझमिर, २४ जुलै १९२३ ला लोझानचा तह आणि २९ ऑक्टोबरला प्रजासत्ताक, हा क्रम सगळ्यांना माहीत आहे.

या लढाईत एक बाईही लष्करी गणवेशात होती. हालिदे अदीब, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी खालिदा अदीब खानम. प्रसिद्ध लेखिका, आणि सेनेच्या मुख्य ठाण्यावर कॉर्पोरल. त्या १९३५ साली हिंदुस्थानात आल्या, दिल्लीत जामिया मिल्लियात त्यांची व्याख्यानं झाली आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

इस्तिकलाल पदक कुणाचं

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. तुर्कस्तानने या युद्धाची आठवण फक्त पुतळ्यांवर सोडली नाही, ती कायद्याने घराघरांत बांधून ठेवली. २९ नोव्हेंबर १९२० रोजी, म्हणजे साकार्याच्याही आधी, इस्तिकलाल पदकाचा कायदा झाला. उर्दूत 'इस्तिकलाल' म्हणजे चिकाटी, ठाम राहणं. तुर्की आणि अरबीत तोच शब्द स्वातंत्र्यासाठी वापरतात. शिक्षक म्हणून हा शब्द आम्हाला फार आवडतो.

पदक एकच, पण फितीचा रंग वेगळा. आघाडीवर लढलेल्याला लाल फीत. मजलिसीच्या सभासदाला हिरवी. आघाडीच्या मागे राहून काम केलेल्याला पांढरी. सभासद असून लढलेल्याला अर्धी लाल, अर्धी हिरवी. इनेबोलूच्या नावाड्यांची फीत पांढरी आहे. मागे राहून पेट्या वाहणाऱ्याचाही रंग ठरलेला असणं ही त्या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

ज्याला पदक मिळालं तो वारला की ते पेटीत बंद होत नाही. ते घरातल्या वारसाकडे जातं, परंपरेने थोरल्या मुलाकडे. राष्ट्रीय दिवशी तो वारस ते छातीवर लावून समारंभाला जातो. त्यामुळे आज पोलातलीच्या कार्यक्रमात एखाद्या दुकानदाराच्या किंवा निवृत्त मास्तरांच्या कोटावर लाल फितीचं पदक दिसतं, आणि लढलेला माणूस त्यांचा आजोबा किंवा पणजोबा असतो. १९६८ च्या कायद्याने हयात असलेल्या पदकधारकांना मासिक मानधनही सुरू झालं.

सगळं इतकं छान नव्हतं, हेही सांगायला हवं. करा फातमा नावाची बाई स्वतःची टोळी घेऊन लढली, तिला लेफ्टनंटचा दर्जा मिळाला. तिने आपलं निवृत्तिवेतन रेड क्रेसेंटला देऊन टाकलं. नंतरच्या आयुष्यात ती इस्तंबूलमध्ये हलाखीत राहत होती. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाल्यावर १९५४ साली मजलिसीने तिला मानधन मंजूर केलं आणि पुढच्याच वर्षी ती वारली. कायदा असला तरी विचारपूस करणारं माणूस लागतं.

शेवटचे गाझी आपल्या डोळ्यांदेखत गेले. एस्कीशेहिरचे याकूब सातार २ एप्रिल २००८ रोजी वारले. निवृत्त कर्नल मुस्तफा शेकिप बिरगोल हे शेवटचे, ११ नोव्हेंबर २००८ ला, वयाच्या १०५ व्या वर्षी. त्यानंतर त्या युद्धाचा साक्षीदार कुणी उरला नाही, पदकं मात्र हिंडती राहिली. २०१५ साली साकार्याच्या रणभूमीचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. दुआतेपेवर सेनापतींचे पुतळे आहेत, पण कुटुंबं जास्त करून शहिदांच्या कबरींकडे जातात, फातिहा पढतात. ३० ऑगस्ट हा देशभर विजयदिन असतो आणि १९ सप्टेंबर गाझींचा दिवस. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने वंशावळ पाहण्याची सोय ऑनलाइन खुली केली, तेव्हा इतके लोक तुटून पडले की यंत्रणाच बंद पडली. आपला पणजोबा कुठून आला, कुठे गेला, हे जाणून घ्यायची ओढ किती असते ते त्यावरून कळतं.

पलीकडची घरं

ग्रीक घरांची बाजू आपल्या लेखांत सहसा येत नाही. ग्रीस या सगळ्याला विजय किंवा पराजय म्हणत नाही, 'आशिया मायनरचा अनर्थ' म्हणतो. १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीत सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अनातोलियातून ग्रीसला गेले असं धरतात, त्यातले बरेच करारापूर्वीच पळून गेलेले. ग्रीसमधून सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात आले. कित्येकांना नव्या देशाची भाषाही येत नव्हती. क्रीटहून आलेले मुसलमान घरात ग्रीक बोलायचे. १९४७ पाहिलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक ओळखीचं घर. साकार्यात ग्रीकांच्या दुसऱ्या कोअरचा सेनापती होता राजपुत्र अँड्र्यू. त्याने वरिष्ठांचा हुकूम पाळायला नकार दिला. युद्ध हरल्यावर १९२२ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि त्याला देशाबाहेर काढलं. ब्रिटिश युद्धनौकेवरून कुटुंब निघालं तेव्हा त्याचा तान्हा मुलगा फळांच्या खोक्यात झोपवला होता. तोच पुढे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा नवरा झाला, प्रिन्स फिलिप.

आपला संबंध: अंगोरा फंड

त्या काळी अंकाराला 'अंगोरा' म्हणत. मुंबईत १९१९ साली खिलाफत समिती स्थापन झाली आणि लाकडाचे मोठे व्यापारी मियां मोहम्मद हाजी जान मोहम्मद चोटाणी तिचे अध्यक्ष झाले. पुढे मध्यवर्ती खिलाफत समितीचं मुख्यालयही मुंबईतच राहिलं. भायखळ्याच्या लव्ह लेनमधलं खिलाफत हाऊस आजही उभं आहे आणि ईद-ए-मिलादचा जुलूस दरवर्षी तिथूनच निघतो. अली बंधूंच्या आई, बी अम्मा, बुरख्यात सभा घेत फिरायच्या आणि बायका आपले दागिने काढून द्यायच्या. समितीने वर्गणीच्या पावत्या छापल्या होत्या, एक रुपयापासून, आणि त्या जवळपास नोटांसारख्या दिसायच्या. अंगोरासाठी वेगळा निधी उभा राहिला आणि तो पैसा अंकाराला पोचलाही.

त्या पैशाचं काय झालं? एक भाग युद्धखर्चाला गेला. उरलेल्यातून मुस्तफा कमाल यांनी २ लाख ५० हजार लिरा घालून २६ ऑगस्ट १९२४ रोजी इश बँक सुरू करवली. आज ती तुर्कस्तानातल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे. त्या भांडवलात आपल्या कुठल्या तरी पणजीच्या बांगडीचा तुकडा आहे, असं म्हटलं तर ते अगदीच काल्पनिक नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. निधीतले लाखो रुपये चोटाणींच्या व्यवसायात अडकल्याचं समितीच्या चौकशीत पुढे आलं आणि त्यांनी आपल्या लाकूड कापायच्या गिरण्या समितीच्या हवाली केल्या. याच चोटाणींनी चळवळीला स्वतःचा पैसाही दिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तसाच मुस्तफा सगीर. तो खिलाफत समितीचा माणूस म्हणून अंकाराला गेला आणि इंग्रजांचा हेर निघाला. मुस्तफा कमाल यांच्या खुनाच्या कटाबद्दल मे १९२१ मध्ये, साकार्याच्या तीन महिने आधी, त्याला अंकारात फाशी दिली.

आणि मग ३ मार्च १९२४. ज्या खिलाफतीसाठी इथे लोक तुरुंगात गेले ती अंकाराच्या मजलिसीने बरखास्त केली. काही महिन्यांपूर्वी आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी खलिफाचा मान राखा असं पत्र लिहिलं होतं. ते इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आल्याने अंकारावाले उलट चिडले होते. इथल्या लोकांना धक्का बसला. पुष्कळ घरांत या विषयावर बोलणंच थांबलं, आणि पावत्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या. आमच्या मते आपल्या घरांना साकार्या आठवत नाही त्याचं खरं कारण हेच आहे. दिलं एका गोष्टीसाठी आणि उभं राहिलं दुसरंच, हे मुलांना कसं सांगायचं? पण एका देशाला गुलामीतून सुटायला मदत झाली, हेही तितकंच खरं. ते लपवायचं कारण नाही.

दुसरा संबंध, जो कुणी सांगत नाही

शेवटच्या गाझींपैकी याकूब सातार यांचं नाव वर आलं. महायुद्धात ते इराकच्या आघाडीवर इंग्रजांच्या हाती कैद झाले होते. तिथल्या इंग्रजी फौजेत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. १९१५-१६ मध्ये कूतला वेढली गेलेली फौज म्हणजे सहावी, पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, अहमदनगर, पुणे इकडचीच माणसं. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातले बहुसंख्य हिंदी. रास अल-ऐनच्या छावणीत रेल्वेमार्गाच्या कामावर त्यातले कितीतरी खपले. महायुद्धानंतर इस्तंबूलचा ताबा घेणाऱ्या फौजेतही हिंदी पलटणी होत्या.

म्हणजे एकाच घरात असं झालेलं असू शकतं की थोरला भाऊ सरकारी पगारावर तुर्कांविरुद्ध लढला आणि चार-पाच वर्षांनी धाकट्याने तुर्कांसाठी वर्गणी दिली. खिलाफतवाल्याचं नाव अभिमानाने घेतात, पलटणीतल्याचं घेत नाहीत. पोटासाठी गेलेल्या माणसाला असं गाळून टाकणं आम्हाला बरोबर वाटत नाही. तोही घरचाच, आणि त्याचीही आई रोज टपालाची वाट बघायचीच.

शोधायचं असेल तर सुरुवात गावापासून करा. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, त्याचा आकडा तिच्यावर असतो. नावं नसतात. मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत सापडतात. पलटणीचा क्रमांक माहीत असेल तर काम सोपं होतं, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. इंग्रजीत स्पेलिंग कसंही केलेलं असतं. 'शेख' तीन-चार तऱ्हांनी आणि 'खोत', 'मुल्ला', 'मुजावर' ही आडनावं तर ओळखू न येण्याइतकी बदललेली. तेव्हा एकदा नाही मिळालं म्हणून सोडू नका. पदकाच्या कडेवरही शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग लावून वाचा. पितळेचं दिसलं म्हणून भंगारात देऊ नका, आणि ब्रासो लावून घासू तर मुळीच नका, अक्षरं झिजतात.

खिलाफतीच्या पावत्या उर्दूत असल्याने नव्या पिढीला त्या कळत नाहीत. कुराण शरीफच्या गिलाफात, निकाहनाम्याबरोबर, जुन्या सातबाऱ्याच्या पुडक्यात त्या सापडतात. सापडली तर लॅमिनेशन करू नका, तो कागद पुन्हा कधी सुटा होत नाही. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पावती पातळ, स्वच्छ कागदी पाकिटात ठेवा, आणि कुणाच्या ट्रंकेत, कुठल्या गावी मिळाली, देणाऱ्याशी आपलं नातं काय, हे पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहा, मगच आत घाला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव वाचून दाखवा. पुष्कळदा पुढची अर्धी गोष्ट त्यांच्याकडेच असते.